सावलीत मावणारे भोक

घरी दुर्बीण करणाऱ्याने ‘आरशाला मधोमध भोक पाडणार आहे’ असे सांगितले की समोरचा हमखास दोन प्रश्न विचारतो. एवढ्या कष्टाने घासलेल्या काचेला भोक कशाला? आणि मग चंद्राच्या मध्यभागी काळा ठिपका दिसणार नाही का?

दुसऱ्याचे उत्तर सोपे आहे: नाही दिसणार. आरशाचा कोणताही तुकडा घ्या, तो एकटा चंद्राची पूर्ण प्रतिमा तयार करतो. मधला तुकडा काढून टाकला तर प्रतिमेचा उजेड तेवढा कमी होईल, प्रतिमेला भोक पडणार नाही. आणि या दुर्बिणीत भोकामुळे उजेडही कमी होत नाही, कारण जिथे भोक पाडायचे ती जागा आधीपासूनच अंधारात असते. नळीच्या तोंडाशी टांगलेल्या दुय्यम आरशाची सावली तिथे पडते. वाया जाणारीच काच आपण काढतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र लांबलचक आहे.

आरशाच्या दुर्बिणीत एक मूळची अडचण असते. अंतर्वक्र आरसा प्रकाश गोळा करून आपल्याच पुढ्यात, आकाशाच्या वाटेवर, एका ठिकाणी आणतो. तिथे डोके घालून पाहायचे तर डोकेच आकाश झाकणार. न्यूटनने १६६८ मध्ये वाटेत एक छोटा तिरका आरसा ठेवून प्रकाश नळीच्या बाजूला काढला. त्याच्या पाच वर्षे आधी, १६६३ मध्ये, जेम्स ग्रेगरी या स्कॉटिश गणितज्ञाने ‘ऑप्टिका प्रोमोटा’ या पुस्तकात वेगळा मार्ग सुचवला होता. मुख्य आरशाला मध्ये भोक ठेवायचे, समोर दुसरा अंतर्वक्र आरसा ठेवून प्रकाश आल्या वाटेने परत पाठवायचा आणि भोकातून मागे काढायचा. त्या काळच्या लंडनच्या कारागिरांना तो आकार जमला नाही. १६७२ मध्ये फ्रान्समधून कासग्रें या नावाने तिसरी रचना पुढे आली. भोक तसेच, पण समोरचा आरसा अंतर्वक्राऐवजी बहिर्वक्र. न्यूटनने तिच्यावर सडकून टीका केली. त्याचे काही आक्षेप रास्त होते, कारण बहिर्वक्र आरशाला हवा तो आकार देणे आजही जिकिरीचे आहे. पण काळाने कौल कासग्रेंच्या बाजूने दिला. हबल दुर्बीण याच घराण्यातली आहे, आणि जुन्नरजवळ गिरवलीला आयुका या खगोलशास्त्र संस्थेने २००६ मध्ये उभारलेली दोन मीटरची दुर्बीणही. गिरवलीतही तारकांचा प्रकाश मुख्य आरशावरून वर जातो, दुय्यम आरशावरून खाली येतो आणि मुख्य आरशाच्या पोटातून पलीकडच्या उपकरणांत शिरतो.

अठराव्या शतकात जेम्स शॉर्ट याने ग्रेगरी पद्धतीच्या हजाराहून अधिक दुर्बिणी विकल्या. त्याचे आरसे तांबे आणि कथिल यांच्या ठिसूळ मिश्रधातूचे असत, आणि धातूची चकती ओततानाच मध्ये जागा सोडता येते. काचेवर चांदीचा पातळ थर चढवण्याची युक्ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात आली, आरसे काचेचे झाले, आणि भोक पाडणे हा वेगळा उद्योग होऊन बसला. आपला विषय तिथून सुरू होतो.

आकडे हाताशी असलेले बरे, म्हणून एकच दुर्बीण धरून चालू. आरसा २०० मिमी व्यासाचा, म्हणजे जुन्या मापात आठ इंची. त्याचे नाभीय अंतर ८०० मिमी. दुय्यम आरसा त्याच्या पुढे ६०० मिमीवर बसवला आणि त्याने प्रतिमा चौपट मोठी करायची ठरवली, तर प्रकाश मुख्य आरशाच्या पृष्ठभागामागे २०० मिमीवर एकत्र येतो. तिथे नेत्रिका लावायला पुरेशी जागा मिळते. दुर्बिणीचे एकूण नाभीय अंतर होते ३२०० मिमी, नळी मात्र जेमतेम पाऊण मीटरची. चंद्राची प्रतिमा तिथे सुमारे २९ मिमी रुंद पडते. ती पूर्ण चंद्रबिंबापर्यंत एकसारखी उजळ हवी असेल तर दुय्यम आरसा ५६ मिमीचा लागतो. त्याने मुख्य आरशाचे आठ टक्क्यांहून थोडे कमी क्षेत्र झाकले जाते.

आता भोक केवढे हवे? परतीचा प्रकाश निमुळता होत येतो. चंद्राचे पूर्ण बिंब धरले तरी मुख्य आरशाच्या पातळीवर त्या झोताची रुंदी ३६ मिमीच्या आसपास भरते. भोकातून एक काळी नळी पुढे काढावी लागते, नाहीतर दुय्यम आरशाच्या कडेवरून आकाशाचा उजेड थेट नेत्रिकेत घुसतो आणि चित्र दुधाळ होते. त्या नळीची जाडी धरून भोक ४० मिमीचे पुरते. सावली ५६ मिमीची, भोक ४० मिमीचे. म्हणजे भोकाभोवती ८ मिमी रुंदीचे एक कडे असे उरते, की जिथे काहीही बिघडले तरी दुर्बिणीला त्याची खबर लागत नाही. ही आठ मिलिमीटरची सवलत लक्षात ठेवा. पुढची निम्मी भीती तिच्यामुळे जाते.

आता रायगडच्या किनाऱ्याविषयी. अलिबाग, रेवदंडा, मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन या पट्ट्यात राहणाऱ्या हौशी माणसाने ही खटपट का करावी?

अक्षांश हे एक कारण. अलिबाग सुमारे साडेअठरा अंश उत्तरेला आहे. गुरू-शनी राशिचक्राच्या दक्षिण टोकाला गेले तरी इथून ते क्षितिजावर जवळपास ४८ अंश चढतात. तोच ग्रह लंडनमधून पाहणाऱ्याला पंधरा-सोळा अंशांवर, धुरकट हवेच्या जाड थरातून पाहावा लागतो. उत्तर टोकाला असताना तर ग्रह आपल्या जवळजवळ डोक्यावर येतो. दुसरे कारण हवा. किनाऱ्यावर दमटपणा आणि धूसरपणा असतो, उत्तरेच्या आकाशात मुंबईचा उजेड चढलेला असतो. अंधूक दीर्घिकांसाठी ही जागा उत्तम नव्हे. पण समुद्रावरून सरळ येणारी हवा पुष्कळदा एकसारखी वाहते, आणि अशा रात्री ग्रहांच्या कडा स्थिर राहतात. चंद्र, गुरूचे पट्टे, शनीची कडी, जोडतारे यांना धूसर हवेने फारसे बिघडत नाही, थरथरत्या हवेने बिघडते. मोठे नाभीय अंतर नेमके याच कामाचे. २० मिमीची साधी नेत्रिका लावली तरी आपल्या दुर्बिणीत १६० पट मोठे दिसते.

मुंबईच्या त्रासामुळे नाजूक उपकरणे अलिबागला येण्याची प्रथा तशी जुनी आहे. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या धावणार हे ठरल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेतील चुंबकीय नोंदी धोक्यात आल्या. संचालक नानाभॉय मूस यांनी त्यासाठी अलिबागची जागा निवडली. १९०४ मध्ये तिथे नोंदी सुरू झाल्या, दोन्ही ठिकाणच्या नोंदी काही काळ समांतर ठेवून त्यांचा मेळ घातला गेला, आणि ती वेधशाळा आजही चालू आहे. त्या वेळी विजेपासून पळ काढला होता, आता विजेच्या दिव्यांपासून काढायचा.

दुर्बीण विकत घेण्याऐवजी घडवण्याची परंपराही महाराष्ट्रात आहे. पुण्यात कावसजी नायगमवाला यांनी १८८८ च्या सुमारास उभारलेल्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेतली २० इंची परावर्ती दुर्बीण आयर्लंडच्या ग्रब कंपनीकडून विकतच आली होती. वेधशाळा १९१२ मध्ये बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. शंभर वर्षांनी मात्र त्याच पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत शाळकरी मुले आणि शिक्षक स्वतःच्या हाताने आरसे घासू लागले. तिथे शिकवतात तो आरसा न्यूटनच्या धाटणीचा, भोकाविना असतो, आणि ते बरोबरच आहे. माझे स्पष्ट मत आहे की ज्याने एकही साधा आरसा पुरा केलेला नाही त्याने भोकाच्या नादी लागू नये. सहा इंची, लांब नाभीय अंतराचा आरसा आधी करावा. त्यातून आकाश पाहावे. मग हे प्रकरण पुन्हा उघडावे.

ते केलेल्यासाठी पुढचे.

काच जाड हवी. २०० मिमीच्या चकतीला २५ ते ३० मिमी. बोरोसिलिकेट मिळाली तर सर्वात चांगले, कारण ती उष्णतेने साध्या काचेच्या एक-तृतीयांशच प्रसरण पावते. पण भोकाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा प्रश्न आहे तो काचेत अडकलेल्या ताणाचा. वितळलेली काच घाईने थंड केली की बाहेरचा भाग आधी आवळतो, आतला नंतर, आणि एकमेकांना खेचत दोघे तसेच गोठतात. चकती अखंड आहे तोवर ही ओढाताण समतोल असते. मधला भाग काढला की समतोल मोडतो आणि उरलेली काच किंचित आपला आकार बदलते. हे ‘किंचित’ डोळ्याला दिसत नाही, पण प्रकाशाला दिसते.

ताण ओळखायची चाचणी फुकट आहे. लॅपटॉपच्या पडद्यावर कोरे पांढरे पान उघडा. बहुतेक लॅपटॉपच्या पडद्याचा प्रकाश ध्रुवित असतो. पडद्यासमोर काच धरा आणि ध्रुवक भिंगांच्या गॉगलमधून पाहा. गॉगल फिरवत पडदा काळा दिसेल असा कोन शोधा. काच निर्दोष असेल तर तीही काळीच दिसेल. तिच्यात उजळ डाग, पट्टे किंवा फुली उमटली तर ती काच दुसऱ्या कामाला ठेवा.

भोक पाडायचे कधी, यावर आरसे घासणाऱ्यांत जुना वाद आहे. एक पक्ष म्हणतो, आरसा पूर्ण होऊ द्या, मग पाडा. घासताना काच अखंड मिळते, कडांची काळजी नाही. पण ताण सुटला आणि आकार बिघडला तर सगळे काम मातीत. शिवाय शेवटच्या क्षणी पृष्ठभागाचा टवका उडाला तर रडण्याशिवाय इलाज नसतो. दुसरा पक्ष म्हणतो, सुरुवातीलाच आरपार भोक पाडा, निघालेला गाभा प्लास्टर ऑफ पॅरिसने जागच्या जागी परत बसवा आणि अखंड काच समजून घासा. काम झाल्यावर गाभा काढून टाका. जगातल्या एका अतिप्रसिद्ध आरशाचे असेच झाले. अमेरिकेतील पालोमार वेधशाळेचा २०० इंची आरसा डिसेंबर १९३४ मध्ये ओतला गेला तेव्हा त्याच्या मध्ये ४० इंचांचे भोक होते. घासायच्या आणि पॉलिशच्या काळात ते काचेच्या बुचाने बंद केलेले होते. मधला युद्धकाळ धरून तो आरसा तयार व्हायला बारा-तेरा वर्षे लागली, आणि दुर्बिणीचे उद्घाटन १९४८ मध्ये झाले.

घरी मला तिसरा मार्ग पटतो. आरशाच्या तोंडाकडून गोल खाच पाडायची, पण आरपार न्यायची नाही. ३० मिमी जाडीच्या चकतीत २० मिमी खोल जायचे आणि मागे १० मिमी काच शाबूत ठेवायची. गाभा मूळ काचेला जोडलेलाच राहतो, हलायचा प्रश्न नाही, आणि त्याची झीज व प्रसरण भोवतालच्या काचेइतकेच होते. अडकलेला बराचसा ताण आकार देण्याआधीच सुटतो. आरसा पूर्ण झाल्यावर मागच्या बाजूने उरलेले १० मिमी कापायचे. दोन्ही खाचा जिथे भेटतात तिथे टवके उडालेच तर ते भोकाच्या आतल्या भिंतीला उडतात, पॉलिश केलेल्या तोंडाला नाही. हीच पद्धत उलटी, म्हणजे आधी मागून कापून तोंडाकडे थोडी काच ठेवायची, अशीही करतात. तीत एक फसगत आहे. आपला आरसा मध्ये सुमारे ३ मिमी खोल होणार असतो. सपाट चकतीत तोंडाशी ५ मिमी काच ठेवून थांबलेल्या माणसाकडे घासून झाल्यावर दोनच मिमी उरते. पॉलिशच्या दाबाखाली ती लवते आणि मधोमध एक उंचवटा कायमचा छापला जातो.

कापायचे कसे? काच कापते ती नळी नव्हे, कार्बोरंडमची पूड. ४० मिमी बाहेरच्या व्यासाची पितळी किंवा लोखंडी नळी घ्या, भिंतीची जाडी दीड-दोन मिमी. तिच्या तोंडाला दोन-तीन उभ्या चिरा पाडा, म्हणजे पूड-पाणी आत शिरते. लेथवर काम करणारा कारागीर तिला दांडा जोडून देईल. ती उभ्या ड्रिल मशीनमध्ये पकडा, वेग असेल तितका कमी ठेवा, मिनिटाला दोन-तीनशे फेऱ्या खूप झाल्या. काचेवर मातीचा किंवा पुट्टीचा गोल बांध घाला, त्यात पाणी आणि ८० नंबरची पूड. नळी हलकेच टेकवायची, थोडे कापले की उचलायची, पुन्हा टेकवायची. उचलल्याशिवाय ताजी पूड तोंडाखाली जात नाही आणि कोरडी घसट काच तापवते. तापलेली काच तडकते. प्राचीन इजिप्तमधल्या कारागिरांनी तांब्याच्या नळ्या आणि वाळू वापरून ग्रॅनाइटला भोके पाडली ती याच तत्त्वावर. त्यांना घाई नव्हती, आपल्यालाही नसावी.

सोपा पर्याय म्हणून लोक स्वयंपाकघराच्या ग्रॅनाइटच्या ओट्याला नळासाठी भोक पाडणाऱ्या माणसाकडे बोट दाखवतात. त्याच्याकडे हिऱ्याच्या कणांचा गोल कटर असतो आणि तो काही मिनिटांत काम उरकतो. मशीन मात्र हातात धरलेले, वेग भरपूर, आणि बाहेर पडताना कडेचे टवके ठरलेले. ओट्यावर ते नळाच्या बुडाखाली झाकले जातात. आरशाला बूड नाही. त्याचा कटर उभ्या ड्रिलमध्ये पकडून, भरपूर पाण्याखाली, हळू चालवायला तो तयार असेल तर मात्र जरूर वापरावा.

खाच पाडून झाली की तिच्या दोन्ही कडा बारीक दगडाने किंचित तिरप्या करा. मग धुणे. हे काम कंटाळवाणे आहे आणि आरसा याच पायरीवर सर्वात जास्त वेळा वाया जातो. खाचेच्या तळाशी ८० नंबरचा एक कण राहिला आणि महिन्याने, पॉलिशच्या वेळी, बाहेर आला तर आरशावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चरा उमटतो. ब्रश, साबण, पाण्याचा जोर, पुन्हा ब्रश. पूर्ण वाळल्यावर खाच प्लास्टर ऑफ पॅरिसने भरायची. पेणच्या गणपतींच्या जिल्ह्यात हे प्लास्टर कुठे मिळते असे कुणी विचारणार नाही. ते घट्ट होताना थोडे तापते आणि थोडे फुगते, म्हणून दाबून ठासू नये. पृष्ठभागाच्या किंचित खाली ठेवून वर मेणाचा किंवा व्हार्निशचा थर द्यावा. नाहीतर ओल्या घासकामात प्लास्टर सुटते आणि त्याचे कण भलत्या जागी जातात.

इथून पुढे काम नेहमीच्या आरशासारखे. ८० नंबरच्या पुडीने खोली आणायची, मग १२०, २२०, ४००, ६०० अशा बारीक होत जाणाऱ्या पुडींनी खड्डे काढायचे, शेवटी पिच या डांबरासारख्या पदार्थाच्या थरावर सेरियम ऑक्साइडने पॉलिश. कोकणात यासाठी सोयीचा काळ म्हणजे पावसाळा. जून ते सप्टेंबर आकाश बंदच असते. हवेत धूळ कमी असते, ओली पूड लवकर सुकत नाही. आणि अलिबागसारख्या ठिकाणी जुलैत दिवस-रात्रीच्या तापमानात फरक इतका थोडा पडतो, की पॉलिश झालेली काच तपासणीसाठी चटकन स्थिर होते. अडचण एकच, पिचची. इंग्रजी पुस्तकांतली पाककृती थंड हवेच्या खोलीसाठी असते. इथल्या २८-३० अंशांत ते पिच पसरत जाते आणि आरशाची कड खाली वळते. त्यात थोडी राळ वितळवून ते कडक करावे लागते. किती, हे अंगठ्याचे नख दाबून ठरवतात. नख जोराने दाबल्यावर जेमतेम खूण उठली पाहिजे.

पॉलिश करताना खाचेच्या कडा थोड्या वळतील. वळू देत. मघाची ८ मिमीची सवलत आठवा. त्या कड्यावर ताऱ्याचा प्रकाश पडतच नाही. भोकाच्या कडेसाठी रात्री जागवणारे लोक आरशाच्या बाहेरच्या कडेकडे दुर्लक्ष करतात, आणि प्रतिमा बिघडवते ती बाहेरची कड. तिथे क्षेत्र सर्वात जास्त असते आणि सावली अजिबात नसते.

पॉलिश झालेला आरसा सहसा गोलाचा तुकडा असतो. हवा असतो अन्वस्त, म्हणजे पॅराबोला. आपल्या आरशात या दोन आकारांतला फरक, मध्यबिंदू जुळवून पाहिले तर, कडेपाशी ३ मायक्रॉन आहे, म्हणजे मिलिमीटरचे तीन हजारांश. तेवढी काच योग्य जागी घासून काढायची आणि पृष्ठभागाची चूक मात्र साधारण ७० नॅनोमीटरच्या आत ठेवायची. हे घरात मोजता येते, यावर पहिल्यांदा विश्वास बसत नाही. लेआँ फूको याने १८५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीला एक बारीक छिद्रातला दिवा आणि दाढीचे ब्लेड पुरते. आरशापासून १६०० मिमीवर दिवा ठेवायचा, परत आलेल्या प्रकाशबिंदूच्या आडवे ब्लेड सरकवायचे आणि मागून डोळा लावायचा. काचेवरचे चढउतार टेकड्यांसारखे उजळ-काळे दिसतात. चाचणी चालू असताना आरशावर पाचेक सेकंद बोट टेकवा. त्या ठिकाणी गरम झालेल्या काचेचा फुगवटा उठलेला दिसेल आणि हळूहळू विरेल. पंखा बंद ठेवावा लागतो, घामाच्या धारा लागतात, पण हे दृश्य पाहिल्यावर पंख्याची आठवण राहत नाही.

दिवा जागेवर ठेवून ब्लेड पुढेमागे केले तर बाहेरच्या कडेचा प्रकाश मध्याच्या मानाने ६.२५ मिमी लांब एकत्र आला पाहिजे. आपल्याला मध्यभाग मोजायची गरज नाही, तो सावलीतला आहे. मोजायचे ते ५६ मिमीच्या बाहेरचे पट्टे. मापनाच्या साधनावर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवू नये. हबल दुर्बिणीचा २.४ मीटरचा आरसा अतिशय गुळगुळीत होता आणि कडेला सुमारे २ मायक्रॉन चुकीचा. तपासणीच्या उपकरणातले एक भिंग १.३ मिमी सरकलेल्या जागी बसले होते. दुसऱ्या, साध्या चाचण्यांनी दोष दाखवला होता, तो मनावर घेतला गेला नाही. १९९० मध्ये दुर्बीण अवकाशात गेल्यावर तो साऱ्या जगाला दिसला. म्हणून फूकोची चाचणी झाली तरी एखाद्या स्वच्छ रात्री आरसा, मुलामा नसताना, ताऱ्यावर रोखून पाहावा.

दुय्यम आरशाबद्दल थोडक्यात. मूळ कासग्रें रचनेत तो बहिर्वक्र आणि अपास्त, म्हणजे हायपरबोला, आकाराचा लागतो, आणि बहिर्वक्र पृष्ठभाग प्रकाश एकत्र आणत नसल्याने फूकोची चाचणी त्याला थेट लावता येत नाही. होरेस डॉल या इंग्रज हौशी माणसाने १९२० च्या दशकाअखेरीस यावर तोड काढली. दुय्यम आरसा साधा गोल ठेवायचा आणि मुख्य आरशाला अन्वस्ताऐवजी लंबवर्तुळाचा आकार द्यायचा. अमेरिकेतल्या ॲलन कर्कहॅम यालाही हीच कल्पना सुचली होती, म्हणून तिला दोघांचे नाव आहे. आपल्या आकड्यांत त्यासाठी मुख्य आरशाला अन्वस्ताच्या सुमारे ७० टक्के एवढीच दुरुस्ती द्यावी लागते, म्हणजे ६.२५ ऐवजी ४.४ मिमी. दृष्टिक्षेत्राच्या कडेला तारे थोडे शेपटीदार दिसतात, पण ग्रह पाहणाऱ्याने ते मनाला लावून घेऊ नये. घरच्या कामाला मी हाच पर्याय सुचवीन.

आता गाभा काढायचा. आरशाच्या तोंडावर व्हार्निशचे दोन थर द्या, जाड नमद्यावर तो पालथा ठेवा, मागच्या बाजूला मध्य नेमका आखा आणि त्याच नळीने, त्याहूनही हलक्या हाताने, १० मिमी खाली जा. मध्य एक-दीड मिमी चुकला तरी खाचा भेटतात, पण भोकात पायरी राहते. शेवटचे एक-दोन मिमी मशीन बंद ठेवून नळी हाताने फिरवत कापावे. गाभा खाली बसतो तेव्हा आवाजदेखील होत नाही. प्लास्टर भिजवून काढा, व्हार्निश उतरवा, भिंती धुवा आणि एक दिवस आरसा तसाच राहू द्या. मग पुन्हा फूको. चांगल्या काचेत फरक पडत नाही किंवा इतका थोडा पडतो, की अर्ध्या तासाच्या पॉलिशने जागेवर येतो. इथे एक धोका आहे: आता भोक उघडे आहे आणि पिच त्यात उतरते. पिचच्या थराचा मधला भाग आधी कापून टाकावा.

मुलामा ॲल्युमिनियमचा, निर्वात पेटीत चढवलेला. थर सुमारे १०० नॅनोमीटर जाड. प्रकाश ८८-९० टक्के परत फेकतो. समुद्रकाठी मात्र त्याचे वैरी दोन. थंडीत पहाटे पडणारे दव आणि त्या दवात विरघळणारे हवेतले मीठ. वर सिलिकॉन मोनॉक्साइडचा संरक्षक थर मागून घ्यावा, तो नसेल तर मुलामा लवकर ठिपकेदार होतो. भोकाचा इथे एक उपद्रव आहे. त्याच्या खरबरीत भिंतीत ओल साठते, आणि मुलाम्याची झीज आतल्या कडेपासून सुरू होऊन बाहेर सरकते. भिंत बारीक पुडीने घासून काळ्या रंगाने बंद केली तर हे टळते. रात्रीचे काम संपल्यावर दुर्बिणीवर लगेच झाकण घालू नये. आरसा आधी कोरडा होऊ द्यावा, मग सिलिका जेलच्या पिशव्यांसह बंद करावा. जेल निळे किंवा नारिंगी असते, रंग पालटला की तव्यावर मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येते.

निघालेल्या गाभ्याचे काय करायचे, असे विचारतात. त्याचा दुय्यम आरसा होणार नाही, तो ३५-३६ मिमीचा आणि आपल्याला ५६ मिमी हवा. पण त्याचे तोंड मुख्य आरशाबरोबरच घासलेले आणि पॉलिश केलेले आहे. मुलाम्याला आरसा पाठवताना तोही पाठवा आणि त्याच पेटीत, त्याच वेळी त्याच्यावर थर चढवून घ्या. आला की तो ओसरीवर, समुद्राची हवा लागेल अशा जागी उघडा ठेवा. मुलामा किती महिन्यांनी ठिपकेदार होतो हे आधी त्याच्यावर दिसेल. आणि आरसा धुवायची वेळ आली की पाणी, साबण, कापूस जे काही वापरायचे असेल ते पहिल्यांदा त्याच्यावर वापरून पाहावे.